जाळे कुठे तुटले?

घरातील जुना संगणक अजून चालतो आहे, पण त्याच्यावरची प्रणाली मात्र निवृत्त झाली, असा प्रसंग अलीकडे पुष्कळ कुटुंबांवर आला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि तिच्यानंतरची विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी अनेकांना स्वीकारीत नाही. चालते यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवणे आपल्या मध्यमवर्गीय मनाला मानवत नाही. म्हणून सुट्टीत आलेल्या मुलाने, भाच्याने किंवा शेजारच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हाती घेतलेल्या ज्या कामाची वार्ता इतरांना दिली, त्या कर्नलवर उभी राहिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरही हलकी चालते आणि तीत मराठी लिहिण्याची सोय आहे.

काही महिने सारे सुरळीत चालते. मग एखाद्या सकाळी पडद्याच्या कोपऱ्यातील जाळ्याचे चिन्ह फिकट पडते, किंवा चिन्ह जागच्या जागी असूनही एकही पान उघडत नाही. ज्याने प्रणाली बसवून दिली तो एव्हाना पुण्यास, बंगळूरास किंवा जर्मनीस परत गेलेला असतो. त्याला विचारायचे तर याच जाळ्यातून विचारायचे! दुरुस्त करणारा नेमका तुटलेल्या धाग्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेला, अशी ही अडचण आहे.

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे या संदर्भातील पत्र आले आहे. त्यांचे यजमान निवृत्तीनंतर आठ वर्षे घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. गायकवाडांच्या काळात कोकणातून बडोद्यास आलेल्या पूर्वजांपासूनच्या वंशावळी, जुन्या कागदांच्या प्रतिमा, वृद्ध आत्याबाईंच्या आवाजातील आठवणी, असा सारा ठेवा लिनक्सच्या त्या एका संगणकात आहे. यजमान गेल्या वर्षी वारले. पुढे घरातील इंटरनेटची सेवा बदलली, नवी पेटी भिंतीवर आली, मोबाइलवर सर्व काही दिसू लागले; संगणकावर मात्र काहीच उघडेना. बोलावलेल्या कारागिराने पाच मिनिटे पाहून सांगितले, “हे लिनक्स काढून टाकू, सगळे फॉरमॅट करून नवीन घालून देतो.” भगिनी विचारतात, “होकार द्यावा काय?”

माझे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नये. फॉरमॅट करणे म्हणजे तबकडीवरील जुना मजकूर मोडीत काढून ती कोऱ्या पाटीसारखी करणे. जाळे बंद पडण्याची जी कारणे असतात, त्यांतील फारच थोडी तबकडीवरील मजकुराशी निगडित असतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार होय. कारागिरास मी दोष देत नाही. दिवसाकाठी अनेक यंत्रे हातावेगळी करावयाची असली की जो उपाय सर्वत्र लागू पडतो तोच हाताशी येतो. परंतु त्याच्या दृष्टीने जे अर्ध्या तासाचे काम, ते त्या घराच्या दृष्टीने आठ वर्षांच्या श्रमांचे विसर्जन ठरले असते.

मग करावे काय? आम्ही भाषेचे शिक्षक मुलांना वाक्यपृथक्करण शिकवतो. वाक्य चुकले असे नुसते वाटून भागत नाही. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कर्म कोठे आहे, हे एकेक सोडवून पाहिले की चूक आपोआप उघडी पडते. जाळ्याचेही तसेच आहे. ‘इंटरनेट बंद आहे’ हे एक वाक्य दिसते खरे, पण त्याच्या पोटात सहासात निरनिराळी वाक्ये दडलेली असतात. त्यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो जवळून दूर जाणारा असतो. त्या क्रमाने एकेक प्रश्न विचारीत जावे आणि जेथे ‘नाही’ असे उत्तर येईल तेथे थांबावे. दोष तेथेच आहे.

पहिला प्रश्न: दोष घराचा की यंत्राचा? मोबाइल घरच्या वायफायला जोडावा, त्यावरील मोबाइल डेटा बंद करावा आणि मग एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करण्यास विसरू नये, नाहीतर मोबाइल आपल्या स्वतःच्या वाटेने पान आणील आणि आपली दिशाभूल होईल. मोबाइलवरही काही येत नसेल तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. काचतंतूच्या जोडणीत भिंतीवरील पेटीवर एल-ओ-एस या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे व सेवा देणाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी. तो पिवळा वा पांढरा बारीक तंतू काचेचा असतो. तो काटकोनात दुमडू नये किंवा कपाटामागे चेपू नये.

दुसरा प्रश्न: तार जोडलेली आहे काय? हा प्रश्न विचारण्याची अनेकांना लाज वाटते. पण उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. तारेच्या टोकाला एक लहानशी प्लास्टिकची जीभ असते; ती मोडली की टोक खाचेत बसल्यासारखे दिसते, पण बसत नाही. संगणकाच्या मागे, टोक बसते तेथे, बहुधा बारीक दिवे असतात. ते पेटत नसतील तर तार राउटरच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहावी, मग दुसरी तार लावून पाहावी. वायफाय वापरणाऱ्यांनी विमानाचे चिन्ह असलेली कळ चुकून दाबली गेली नाही ना, हे पाहावे. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती वायफायच्या लहरींना जड जातात. राउटर दोन नावे दाखवीत असेल व त्यांतील एक पाच गिगाहर्ट्झचे असेल, तर दूरच्या खोलीतून दुसरे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे, निवडावे. त्याचा वेग कमी, पण भिंती ओलांडण्याची शक्ती अधिक असते.

तिसरा प्रश्न: संगणकाला आपले जाळ्याचे कार्ड ओळखू येते काय? येथून पुढे टर्मिनल नावाची काळी चौकट उघडावी लागते. तिचे भय बाळगू नये. खालील आज्ञा केवळ विचारतात, काही बदलत नाहीत. रोमन लिपीतील लहान अक्षरांत आय, पी, मग मोकळी जागा, मग ए असे टंकून एंटर कळ दाबावी. उत्तरात क्रमांक घातलेली दोनतीन नावे दिसतील. पहिले नाव एल-ओ असे असते. ते यंत्राचे स्वगत होय. त्यापुढचा १२७.०.०.१ हा आकडा नेहमीच तेथे असतो. तो पाहून हुरळून जाऊ नये. ई-एन ने आरंभ होणारे नाव तारेच्या जोडणीचे, डब्ल्यू-एल ने आरंभ होणारे वायफायचे. नावाच्या ओळीत ‘नो-कॅरियर’ असे शब्द असतील तर तार पलीकडे कशालाच पोहोचत नाही. पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. नावच नसेल तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर यांत दोष आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

चौथा प्रश्न: पत्ता मिळाला आहे काय? त्याच उत्तरात आय-नेट या शब्दापुढे बहुतेक घरांत १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो. हा पत्ता राउटर देतो. पत्ते वाटण्याची डीएचसीपी ही रीत ऑक्टोबर १९९३मध्ये नियमबद्ध झाली. तिच्यामुळे घरोघरी कोणास आकडे भरीत बसावे लागत नाही. क्रमांक नसेलच, किंवा १६९.२५४ने सुरू होणारा असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा, आणि मग संगणकावरील जोडणी एकदा बंद करून चालू करावी.

पाचवा प्रश्न: राउटरपर्यंत हाक पोहोचते काय? आय, पी, मोकळी जागा, आर असे टंकले की ‘डिफॉल्ट’ शब्दाने सुरू होणारी एक ओळ येते. तीत ‘व्हाया’ या शब्दापुढील आकडा राउटरचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. ही ओळच नसेल तर संगणकाला घराबाहेर जाण्याचा दरवाजा ठाऊक नाही, आणि बाहेरच्या पत्त्यावर हाक मारताच तो ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे म्हणतो. ओळ असेल तर पिंग हा शब्द रोमन अक्षरांत टंकून पुढे राउटरचा आकडा द्यावा. दर सेकंदास एक उत्तराची ओळ येऊ लागली की हाकेला ओ मिळाली. लिनक्समध्ये हे थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्या लागतात. एरवी ते दिवसभर हाका मारीत राहील.

या पिंगचा इतिहास मोठा बोधक आहे. अमेरिकेच्या लष्करी संशोधनशाळेतील माइक म्यूस यांच्यापुढे डिसेंबर १९८३मध्ये एका बिघडलेल्या जाळ्याचे कोडे होते. पाणबुडीवरील यंत्र ध्वनी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून पलीकडे काय आहे ते ओळखते. त्या धर्तीवर त्यांनी एका संध्याकाळी हा छोटा कार्यक्रम लिहिला व त्या आवाजावरूनच त्याचे नाव ठेवले. चार दशके लोटली, तरी जाळे बिघडले की जगभरातील तंत्रज्ञ अजून प्रथम हीच हाक मारतात.

सहावा प्रश्न: घराबाहेर हाक जाते काय? आता पिंगपुढे ८.८.८.८ असे चार आठ द्यावेत. गूगलने डिसेंबर २००९पासून लोकांसाठी खुला ठेवलेला हा पत्ता लक्षात ठेवण्यास सोपा आहे. राउटर उत्तर देतो, पण चार आठ देत नाहीत, तर घरातील सारे ठीक असून दोष बहुधा सेवा देणाऱ्यांकडे आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी: काही संस्थांची यंत्रे सुरक्षिततेसाठी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. तेव्हा एका दूरच्या यंत्राच्या मौनावरून सारे जाळे तुटले, असा निष्कर्ष काढू नये.

सातवा प्रश्न: नावाचा आकडा सापडतो काय? आपण नावे टंकतो, पण जाळे आकड्यांवर चालते. आरंभी यंत्रांची संख्या अल्प होती तेव्हा नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेत ठेवली जाई आणि सर्वांनी ती उतरवून घ्यावयाची, अशी पद्धत होती. ती पुरेनाशी झाली तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएस या नावाची व्यवस्था आखली. तीत नाव सांगितले की आकडा सांगणारी यंत्रे ठिकठिकाणी असतात. पिंगपुढे एखाद्या प्रसिद्ध स्थळाचे नाव दिल्यावर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे उत्तर आले, आणि चार आठांना मात्र हाक पोहोचत असेल, तर रस्ता चालू आहे, फक्त पत्ता सांगणारा गप्प आहे, असे निश्चित समजावे.

बडोद्याच्या भगिनींनी पत्रात दूरध्वनी क्रमांक दिला होता. हे सात प्रश्न आम्ही दूरध्वनीवरून क्रमाने विचारले. मोबाइल चालत होता. तारेचे दिवे पेटलेले होते. कार्ड दिसत होते, पत्ता मिळाला होता, राउटरने ओ दिली, चार आठांनीही दिली. सातव्या प्रश्नाला मात्र ‘नाही’ असे उत्तर आले. मग जोडणीच्या सेटिंग्जमधील आयपीव्ही४ या भागात पाहिले, तेव्हा डीएनएसपुढील ‘ऑटोमॅटिक’ची कळ बंद आणि त्याखाली दोन आकडे हाताने भरलेले आढळले. ते जुन्या सेवेच्या यंत्रांचे होते. अशी यंत्रे बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तरे देतात. सेवा बदलल्यावर त्यांनी या घराला ओळख दाखवली नाही. मोबाइलने नव्या राउटरकडून नवे आकडे आपोआप घेतले होते, म्हणून त्याला अडचण आली नाही. यजमानांनी कधीकाळी काही कारणाने ते आकडे भरले असतील. त्यांच्या काळात ते बरोबरच होते. भगिनींनी ते प्रथम वहीत उतरवून घेतले, मग खोडले, ऑटोमॅटिकची कळ चालू केली, जोडणी बंद करून पुन्हा चालू केली. पान उघडले. कुलवृत्तांताच्या एकाही अक्षराला धक्का लागला नाही. त्याच दिवशी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी मुलाकडे पाठवून द्यावी, असे मी सुचवले व त्यांनी तसे केले. हे काम जाळे चालू असतानाच करावयाचे असते, हे सर्वांनीच ध्यानी घ्यावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाकी राहिले होते. प्रणाली अद्ययावत केल्यानंतर दुसऱ्या दिवशी वायफायचे नावच नाहीसे झाले, अशीही तक्रार येते. नव्या कर्नलशी जुन्या ड्रायव्हरचे जमले नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. उबुंटू, मिंट यांसारख्या प्रणाली आधीचा कर्नल लगेच टाकून देत नाहीत. संगणक सुरू होताना बहुतेक यंत्रांवर एस्केप, जुन्या यंत्रांवर शिफ्ट ही कळ वापरली की एक यादी येते. तीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडता येतो. त्याने वायफाय परत आले तर निदान झाले. नवा ड्रायव्हर उतरवण्यासाठी जाळे हवे आणि जाळ्यासाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडल्यास मोबाइल यूएसबी तारेने संगणकास जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स त्याला बहुधा तारेची जोडणी म्हणून लगेच ओळखते. मोबाइलच्या वाटेने तात्पुरते जाळे येते आणि काम होते.

आणखी एक फसवा प्रकार आहे. सातही उत्तरे ‘होय’ येतात, तरीही बँकेचे किंवा कोणतेच सुरक्षित पान उघडत नाही व सुरक्षिततेचा इशारा येतो. अशा वेळी कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते; घड्याळ चुकीचे असले की वैध ओळखपत्रही अवैध वाटते. तारीख-वेळ नीट करावी आणि ती अल्प किमतीची बॅटरी बदलून घ्यावी.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, आणि कोणी पुन्हा फॉरमॅटची भाषा केली, तर त्यास नम्रपणे एक विनंती करावी. लिनक्सची प्रत असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. त्या वेळी ‘इन्स्टॉल’ न निवडता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय घेतला, तर तबकडीवरील मजकूर जसाच्या तसा राहतो. तेथे जाळे चालले तर यंत्र, कार्ड, तार सारे निर्दोष, आणि दोष सेटिंग्जमध्ये आहे. तेथेही चालले नाही, तर फॉरमॅट करूनही बहुधा चालणार नाही. दोन्ही उत्तरांनी एकच सिद्ध होते, ते म्हणजे फॉरमॅटची घाई नको.

दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहूनच दुसरीला हात घालावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर जाळे चालू झाले तरी कशाने झाले हे कळत नाही, आणि बिघडले तर परतीची वाट सापडत नाही. आणि जो कोणी आपण होऊन दूरध्वनी करील व “तुमचा संगणक दुरून दुरुस्त करून देतो, ताबा द्या” असे म्हणेल, त्यास ताबा देऊ नये.

शेवटी एक लहानसे काम सुचवतो. आज आपले जाळे व्यवस्थित चालू असेल, तर आजच वरील दोन आज्ञा देऊन संगणकाचा पत्ता, राउटरचा आकडा आणि जोडणीचे नाव एका कागदावर लिहून ठेवावे. डीएनएस आपोआप घेतले जाते की हाताने भरले आहे, हेही लिहावे. सेवा देणाऱ्यांचा तक्रार क्रमांक आणि आपला ग्राहक क्रमांक त्याखाली घालावा, कारण तोही बहुधा त्या बंद पडलेल्या संगणकातच असतो. निरोगी माणसाची नाडी ज्याने पाहिली आहे, त्यालाच आजारी माणसाची नाडी कळते. कोणी सेटिंग्ज बदलली तर काय बदलले व का बदलले याची एक ओळ त्याच कागदावर लिहावी. उद्या ते समजावून सांगण्यास बदलणारा जवळ असेलच असे नाही. कागद संगणकाच्या मेजाच्या खणात ठेवावा आणि त्यावर तारीख घालण्यास विसरू नये.